भुईकोट वाचायचा कसा? मराठवाड्यातल्या तटांवर नव्याने फिरणाऱ्यांसाठी

परंड्याला मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एसटीतून उतरून थेट दरवाजातून आत शिरलो. तोफा बघितल्या, बुरुजावर चढून फोटो काढले आणि दोन तासांत बाहेर आलो. खंदकाच्या काठाला एक आजोबा शेळ्या राखत बसले होते. त्यांनी विचारलं, "बघितला का किल्ला?" हो म्हणालो. "भोवताली चक्कर मारली?" नाही म्हणालो. "मग काय बघितलं, बाबा? कोट आतल्यासाठी नसतोय बांधलेला. बाहेरून येणाऱ्यासाठी असतोय."

तेव्हापासून मी किल्ला बाहेरून आत बघतो, आणि नव्याने सुरुवात करणाऱ्यांनाही तेच सांगतो. तटाचा प्रत्येक दगड कुणाला तरी अडवण्यासाठी बसवलेला आहे. कुणाला आणि कसं, हे कळायचं असेल तर आधी त्या अडवलेल्या माणसाच्या जागी उभं राहावं लागतं. पुढे जे लिहिलंय ते त्याच क्रमाने आहे.

मराठवाडाच का?

सह्याद्रीतले गड सुंदर आहेत यात वाद नाही. पण तिथं निम्मं काम डोंगराने केलेलं असतं. कडा उभा असला की भिंत कंबरेएवढी असली तरी चालतं. आपल्याकडे बालाघाटाच्या डोंगररांगा सोडल्या तर मोकळं, काळ्या मातीचं रान. शत्रू दिसायला लागतो तेव्हा तो कुठल्याही बाजूने येऊ शकतो. म्हणून इथं सगळं संरक्षण माणसाने हातांनी उभं केलंय: खणलेला खंदक, रचलेला तट, अडवलेलं पाणी. बहमनी राज्याची शकलं झाल्यावर निजामशाही, आदिलशाही आणि बरीदशाही यांच्या सरहद्दी याच मुलखात एकमेकींना भिडल्या. परंडा, नळदुर्ग, औसा, उदगीर, कंधार, धारूर हे कोट वारंवार हात बदलत राहिले, आणि येणाऱ्या प्रत्येकाने त्यांत भर घातली. तटबंदीचं शास्त्र शिकायला यापेक्षा चांगली शाळा मला माहीत नाही.

कुठला किल्ला आधी?

बहुतेक जण देवगिरीपासून सुरुवात करतात, कारण छत्रपती संभाजीनगरहून तो जवळ आहे. माझं मत वेगळं आहे. देवगिरी एवढा मोठा आणि एवढ्या थरांचा आहे की नवखा माणूस तिथं गोंधळतो, आणि शेवटी फक्त चांद मिनार आणि अंधारी, म्हणजे तिथला काळोखी बोगदा, लक्षात राहते. आधी परंडा करा. बार्शीहून एसटी मिळते, किल्ला सपाटीवर आहे, आटोपशीर आहे आणि सगळे भाग जागच्या जागी दिसतात. दुसरा नळदुर्ग, सोलापूर–हैदराबाद रस्त्यावरचा. देवगिरी तिसरा. तोवर डोळा तयार झालेला असतो.

थंडीत जा. एप्रिल-मे महिन्यांत काळा दगड इतका तापतो की तटावर हात टेकवत नाही. नळदुर्ग मात्र एकदा भर पावसाळ्यात बघायलाच हवा. कारण पुढे येईल. पायात बूट, पिशवीत दोन लिटर पाणी, एक विजेरी आणि एक वही, एवढं पुरे.

पहिलं काम: बाहेरची प्रदक्षिणा

दरवाजा दिसला तरी आत जाऊ नका. आधी दोनशे पावलं मागे जा आणि तटाकडे बघा. किती भिंत दिसते? औशाला हे करून बघाच. किल्ला सखल जागी आहे, आणि थोडं लांब गेलं की तट जमिनीत बुडाल्यासारखा वाटतो. तोफ आल्यानंतरच्या काळात याला फार मोल होतं. तोफ नसताना भिंत जितकी उंच तितकी चांगली, कारण शिडी पुरत नसे. तोफ आली आणि उंच भिंत हे सोपं निशाण झालं. १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलचे हजार वर्षं टिकलेले तट उस्मानी तुर्कांच्या तोफांपुढे भगदाडले. त्यानंतर युरोपात भिंती बसक्या आणि जाड होत गेल्या, गोल बुरुजांच्या जागी बाणाच्या टोकासारखे कोनदार बुरूज आले. फ्रान्सच्या वोबाँ या लष्करी अभियंत्याने सतराव्या शतकात ही पद्धत कळसाला नेली.

दख्खनने हा रस्ता धरला नाही. इथं बुरूज गोलच राहिले, तटही उंच राहिले, फक्त जाड झाले आणि दुहेरी झाले. काही जण याला मागासलेपण म्हणतात. मला ते पटत नाही. आपल्याकडचा दगड बेसाल्ट, म्हणजे काळा कठीण पाषाण, आणि गोल बुरुजावर गोळा आला तर तो पुष्कळदा निसटता बसतो. दुसरं म्हणजे वेढा घालणाऱ्याची तोफ किल्ल्यापर्यंत पोचायला हवी ना! पावसाळ्यात काळ्या रानातून जड तोफ ओढणं म्हणजे बैलांचा जीव घेणं. ज्याने चिखलात रुतलेली बैलगाडी काढलीय त्याला हे वेगळं सांगायला नको.

आता खंदकाच्या काठाकाठाने फिरा. खंदक म्हणजे नुसता खड्डा नव्हे. तो चार कामं एकदम करतो: शिडी लावायला जागा ठेवत नाही, हत्तीला दरवाजाशी किंवा भिंतीशी भिडू देत नाही, शत्रूच्या तोफा लांब ठेवतो, आणि सुरुंग खणणाऱ्याला थोपवतो. शेवटचं काम लोक विसरतात. तट पाडायची खात्रीची रीत म्हणजे जमिनीखालून बोगदा खणायचा, पायाखाली दारू ठासायची आणि बत्ती द्यायची. मध्ये खोल खंदक असला तर बोगदा त्याच्याही खालून न्यावा लागतो. खंदकात पाणी असलं तर ते बोगद्यात झिरपतं. कंधारचा पाण्याने भरलेला खंदक बघताना हे ध्यानात ठेवा. ते पाणी म्हणजे जमिनीखालचा पहारा होता.

वहीत एक साधा आराखडा काढा: खंदक कुठं रुंद, कुठं अरुंद, कुठल्या बाजूला बुरूज दाट. बुरूज जिथं जवळजवळ आलेत तिथं बांधणाऱ्याला भीती जास्त होती. तुमचं उत्तर चुकलं तरी चालेल, पण स्वतःचा अंदाज आधी मांडा आणि मग आत जा.

दोन तट आणि मधली रेवणी

आपल्या भुईकोटांत, म्हणजे सपाटीवरच्या किल्ल्यांत, खंदकाच्या आत आधी एक बुटका तट असतो, आणि त्याच्या मागे उंच मुख्य तट. बुटक्या तटाला आणि मधल्या पट्टीला रेवणी म्हणतात. हल्लेखोराने खंदक ओलांडून पहिली भिंत घेतलीच, तर तो या अरुंद पट्टीत अडकतो आणि वरच्या तटावरून सगळं त्याच्या डोक्यावर येतं. शिवाय बाहेरचा तट आतल्या तटाचा पाया झाकतो, म्हणजे तोफेला पायाशी मारा करता येत नाही.

कुठं तट पडलेला असेल तर तिथं थांबा. लोक पडका भाग टाळतात. मी तोच शोधतो. भिंतीचं पोट तिथंच दिसतं. बाहेरून आणि आतून घडीव चिरे, आणि मधे दगडगोटे, माती, चुना यांची भर. ही भर गोळ्याचा दणका पोटात घेते. चुना घाणीत मळलेला असे. गोल चरातून दगडी चाक बैलांनी फिरवायचं. अशी घाणी अजून कुठं कुठं किल्ल्यात पडलेली सापडते. चिऱ्यांमध्ये कोरीव दगड दिसला तर तो आधीच्या एखाद्या देवळाचा असू शकतो. देवगिरीच्या तटात असे दगड आहेत. तिथली आजची भारतमाता मंदिराची जागा म्हणजे १३१८ सालची जामा मशीद, आणि तिचे खांब जुन्या देवळांचे. एकाच इमारतीत तीन काळ उभे आहेत.

दरवाजा: इथं वेळ घालवा

एक तास दरवाजासाठी ठेवा. दरवाजा हीच तटाची सगळ्यात कच्ची जागा, म्हणून सगळी बुद्धी तिथंच खर्ची पडलेली आहे.

आधी बघा, दरवाजा समोरून दिसतो का? बहुधा नाही. समोर एक आडवी भिंत येते, तिला जीभी म्हणतात. तिला वळसा घालून गेलं की दरवाजा बाजूला उघडतो. का? हत्तीला दरवाजावर धडक द्यायची तर लांबून धावत यावं लागतं. वळण दिलं की धाव तुटते. ओंडक्याचंही तसंच, आणि समोरून तोफ डागायची सोयही उरत नाही. तरीही हत्ती आलाच, तर लाकडी फळ्यांवर त्याच्या कपाळाच्या उंचीला लोखंडी अणकुचीदार खिळे. देवगिरीच्या दरवाजावर ते आजही आहेत. हाताची वीत लावून मोजा, म्हणजे त्यांची दहशत कळेल.

पहिला दरवाजा ओलांडला की तुम्ही एका चौकात येता आणि पुढे दुसरा दरवाजा, तोही वेगळ्या तोंडाचा. महाकोटात, म्हणजे मधल्या तटाच्या आत, शिरताना देवगिरीला हा प्रकार फार ठळक आहे. चौकाच्या मधोमध उभे राहा आणि मान वर करून सावकाश गोल फिरा. चारही बाजूंनी भिंती, वर फांजी (तटावरची चालायची वाट), प्रत्येक फांजीवर माणूस. मागचा दरवाजा बंद झाला तर? मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

कमानीखालच्या भिंतीत हात घालून बघायची एक जागा आहे. दोन्ही बाजूंना समोरासमोर चौकोनी भोकं असतात. एका बाजूचं भोक वीतभर खोल, दुसरीकडे हात घातला तर खांद्यापर्यंत जातो. ही अडसराची जागा. दार उघडं असताना लाकडी अडसर त्या खोल भोकात सरकवून ठेवायचा. दार लावलं की ओढून समोरच्या भोकात बसवायचा. कड पुष्कळदा गुळगुळीत झालेली असते. पिढ्यान्‌पिढ्या, रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी ते लाकूड तिथून सरकलंय. (आधी विजेरी मारून बघा, मगच हात घाला. विंचू अशाच जागी असतो.) बाजूला पहारेकऱ्यांच्या देवड्या असतील. तिथं पाच मिनिटं बसून बाहेरचा उजेड बघा. कोण येतंय ते तुम्हाला आधी दिसतं, त्याला तुम्ही दिसत नाही.

फांजीवर

तटावरचा चालायचा रस्ता म्हणजे फांजी. कडेला चर्या, म्हणजे आडोशाची दगडी भिंत, आणि त्यांत आरपार भोकं, जंग्या. सगळ्या जंग्या सारख्या नसतात. डोळा लावून बघा आणि नजर कुठं पडते ते वहीत लिहा. एक सरळ समोर रानात बघते, ती लांबच्या माणसासाठी. दुसरी इतकी तिरपी उतरलेली असते की तिच्यातून फक्त खंदकाचा काठ किंवा रेवणी दिसते. ही जवळ आलेल्या शत्रूसाठी. काही ठिकाणी भिंतीबाहेर काढलेले छोटे दगडी सज्जे असतात, खालून उघडे. भिंतीला अगदी चिकटलेल्या माणसावर तिथून दगड, उकळतं तेल, काहीही टाकता येई. दहा जंग्या अशा तपासल्या की मारा कुठून कुठवर पोचत होता याचं जाळं तुमच्या मनात आपोआप विणलं जातं. पुस्तक वाचून हे होत नाही.

बुरुजावर गेलात की तोफ बघाल, पण तोफेच्या आधी जमीन बघा. मध्ये खुंटी बसवायचा खड्डा, आणि मागे अर्धगोल कट्टा. खुंटीवर तोफ फिरे आणि मागचा धक्का कट्टा झेले. खड्ड्यापाशी उभे राहून हात सरळ धरा आणि गोल फिरा. तोफ कुठवर वळत होती ते कळतं. मग तोफेकडे या. लोखंडी पट्ट्या जोडून वरून कडी चढवलेली दिसली तर ती बांगडी तोफ. अंगाला सांधा नसेल, नक्षी असेल, रंग हिरवट असेल, तर ती ओतीव, पितळी किंवा पंचधातूची. दोन्हींतला फरक परंड्याला शिकता येतो. विजापूरची सुप्रसिद्ध मुलुखमैदान तोफही कधी काळी परंड्याला होती. १५४९ मध्ये ती अहमदनगरला ओतली गेली, आणि १६३२ मध्ये परंड्याहून विजापूरला नेली. वजन सुमारे ५५ टन. मघाशी काळ्या रानाबद्दल लिहिलं ते या तोफेला लावून बघा.

पाणी, म्हणजे नळदुर्ग

किल्ल्यात आत गेल्यावर राजवाडा शोधू नका, पाणी शोधा. विहीर कुठं, तलाव कुठं, पाणी वर कसं चढवत होते. दुष्काळ बघितलेल्या मराठवाड्याच्या माणसाला हे आतून कळतं. ज्या कोटात पाणी नाही तो कितीही जाड असला तरी पंधरा दिवसांचा सोबती. मराठवाड्याच्या शिवेलगतच्या खर्ड्याला १७९५ मध्ये निजाम अली आपल्या फौजेसह कोटात शिरला, मराठ्यांनी पाण्याच्या वाटा धरल्या, आणि शेवटी त्याला तह करावा लागला. तिथं तट कुणी फोडला नव्हता.

याची उलटी बाजू म्हणजे नळदुर्ग. बोरी नदीवर दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ मध्ये, दगडी बंधारा घातला. एका बाजूला मुख्य किल्ला, पलीकडे रणमंडळ हा छोटा कोट, आणि दोघांना जोडणारा हा बंधारा. म्हणजे तो पूल झाला, तलाव झाला, पाण्याचा खंदक झाला. आणि त्याच्या पोटात पाणीमहाल, बसायच्या खोल्या. पावसाळ्यात नदी भरली की दोन सांडव्यांवरून पाणी कोसळतं. लोक त्यांना नर आणि मादी म्हणतात. तुम्ही महालाच्या सज्जात उभे असता, समोरून पाण्याचा पडदा पडत असतो, आवाजाने शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, आणि अंगावर तुषार सोडले तर महाल कोरडा. चारशेहून अधिक पूर या बांधकामाने पाहिले. मी तिथं दर पावसाळ्यात जातो आणि दरवेळी त्या गवंड्यांना मनोमन हात जोडतो.

तिथं गर्दी फार असते. कठड्यावर चढून सेल्फी काढू नका. शेवाळलेला दगड कुणाची भीड ठेवत नाही.

किल्ल्याच्या मधोमध उपळ्या बुरूज आहे, बाकी तटापासून वेगळा, उंच. पायऱ्या दमवतात, पण चढा. वरून नदी कशी किल्ल्याला वेढा घालते ते एका नजरेत येतं, आणि खाली काढलेला तुमचा आराखडा बरोबर आला की नाही तेही.

देवगिरी: आता तपासा, कोट पडतात कसे

शेवटी देवगिरीला या. बाहेरून अंबरकोट, मग महाकोट, मग काळाकोट, आणि त्यांच्याही आत तासलेला डोंगर. डोंगराचा खालचा भाग साधारण ५० मीटर उंचीपर्यंत उभा छाटून काढलाय आणि पायथ्याशी खडकात खंदक खोदलाय. हे काम छिन्नी-हातोड्याचं आहे. पुढे अंधारी, म्हणजे वळणावळणाचा काळोखी बोगदा. इथं विजेरी क्षणभर बंद करून भिंतीला हात लावून दहा पावलं चाला. दरवाजाच्या वळणामागचा विचार खडकाच्या पोटात नेला की काय होतं ते कळेल. वटवाघळं असतात, घाबरू नका.

एवढं सगळं असूनही हा किल्ला पडला. तो कसा पडला हे जाणून घेतल्याशिवाय देवगिरीहून परतू नका. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी अचानक आला तेव्हा रामदेवरायाची मोठी फौज युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर होती. राजा किल्ल्यात शिरला. घाईत व्यापाऱ्यांची पोती आत घेतली, धान्य समजून. जुन्या फार्सी इतिहासात अशी हकीकत येते की पोती उघडली तेव्हा आत मीठ निघालं. १६३३ मध्ये मुघल सरदार महाबतखानाने वेढा घातला. बाहेरचे कोट सुरुंगाने फोडले, पण डोंगर त्याला चढून घ्यावा लागला नाही. आत उपासमार आणि रोगराई झाली, आणि मलिक अंबरचा मुलगा फतेहखान याने किल्ला स्वाधीन केला. म्हणून अंबारखाना (धान्याचं कोठार) आणि हत्ती हौद (पाण्याचा मोठा साठा) यांच्यापाशी चांद मिनाराइतकाच वेळ द्या.

शेवटची नोंद नळदुर्गचीच. १३ सप्टेंबर १९४८ ला हैदराबादच्या पोलीस कारवाईत भारतीय सैन्य सोलापूरच्या बाजूने आलं तेव्हा पहिली चकमक नळदुर्गला झाली. महत्त्वाचा ठरला तो बोरी नदीवरचा रस्त्याचा पूल, आणि तो शाबूत हाती आला. रणगाडे आणि मोटारींच्या काळात किल्ल्याला वळसा घालून जाता येत होतं; पुलाला नाही.

तीन किल्ले झाल्यावर

मग उदगीरला जा. खोल खंदक, दुहेरी तट, वळणाचा दरवाजा, सगळं ओळखीचं वाटेल. तिथून लातूरमार्गे औशाला येताना एसटीत खिडकीजवळची जागा धरा. १७६० च्या जानेवारीअखेर आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला निजामाची फौज उदगीरहून औशाकडे आणि पुढे धारूर गाठायच्या बेतात याच मुलखातून सरकत होती. सदाशिवरावभाऊंच्या फौजेने तिला वाटेतच गाठलं. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा तिच्यावर चालत होत्या आणि ३ फेब्रुवारीला तिचा पाडाव झाला. एका कोटातून दुसऱ्या कोटात पोचायला काही दिवसांची चाल होती. खिडकीतून बाहेर बघा. हरभरा, तूर, मधेच एखादी बाभळ, आणि क्षितिजापर्यंत आडोशाला एक टेकडीसुद्धा नाही.